अक्रोडाचं लाकूड: काश्मिरी घ्यावं की अमेरिकन?

हौशी_सुतार: लिहायचं टेबल करायला घेतोय. माथा साडेचार फूट बाय दोन फूट, खाली दोन खण, खणांच्या तोंडावर चिनारच्या पानांचं उथळ कोरीवकाम. व्हिनिअर नको, सगळं भरीव अक्रोडाचंच हवं. काश्मिरी घेऊ की आयात केलेलं अमेरिकन?

करवत: अमेरिकन घ्या. लांब, सरळ फळ्या मिळतात, रंगही जुळतो.

पटाशी: माथ्यापुरतं पटतं. पण खणांसाठी काश्मिरीच घ्या, अगदी आग्रहाने सांगतो. काश्मिरी म्हणजे आपण अक्रोड खातो तेच झाड, युग्लान्स रेजिया. अमेरिकन ब्लॅक वॉलनट वेगळं, युग्लान्स नायग्रा. काश्मिरी किंचित जास्तच कठीण, तरी कोरताना माझ्या हाताला तेच गोड लागतं. पानाच्या शिरा आडव्या रेषेत कोरल्या तरी कड तुटत नाही. पटाशीला धार मात्र हवी. घेताना मुळाजवळचं आहे की फांदीचं, ते विचारा. मुळाजवळचं सगळ्यात गडद, फांदीचं फिकं.

लांब-रुंद काश्मिरी फळी सहजी मिळत नाही. तिथे अक्रोडाचं झाड तोडायला 1969 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा माल कुठून आला याचे कागद बघूनच घ्या.

अमेरिकन माल बहुतेक वाफवलेला असतो. वाफेने गाभ्याचा रंग कडेच्या पांढऱ्या भागात उतरतो, फळी एकसारखी दिसते, पण जांभळट झाक जाते. हवेत वाळवलेली फळी दिसली तर सोडू नका, तो रंग पॉलिशने आणता येत नाही. आणि 'एफएएस' ग्रेड, म्हणजे अमेरिकन प्रतवारीतली सगळ्यात वरची प्रत, म्हणजे पूर्ण गडद फळी असं धरून चालू नका. अक्रोडाच्या प्रतवारीत पांढरा भाग दोष मानत नाहीत.

हौशी_सुतार: दोन्ही एकाच टेबलात विजोड नाही दिसणार? काश्मिरी करडं वाटतं.

पटाशी: करडट तपकिरी, त्यात काळपट रेघा. खण मुळाजवळच्या लाकडाचे केलेत तर चॉकलेटी माथ्याखाली शोभतील. उजेडाने अक्रोड फिकं होत जातं, त्यामुळे रंग देऊन आजच जुळवत बसू नका.

मला काळजी ओलाव्याची आहे. अमेरिकन फळी भट्टीत 6 ते 8 टक्क्यांपर्यंत वाळवलेली असते. दमट हवेत ती 13 टक्क्यांवर गेली, तर दोन फुटी माथा सात-आठ मिलिमीटर रुंदावतो. स्क्रूने घट्ट आवळलात तर चिरेल किंवा वाकेल. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून काही आठवडे कामाच्या जागीच ठेवा, ओलावा मोजायच्या मीटरचा आकडा स्थिरावला की मगच रंधा लावा. आणि माथा बसवताना स्क्रूची भोकं लांबट पाडा.

करवत: आणखी एक. 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणून कोणी दाखवलं तर तो शिरीष असतो, अक्रोड नव्हे. लाकूड चांगलं आहे, पण तुमच्या माथ्याशी रेघ जुळणार नाही.

पटाशी: बरोबर. 'आफ्रिकन वॉलनट'सुद्धा तसंच, तेही वेगळंच झाड. पावतीवर युग्लान्स लिहून घ्या.