मदत हवी आहे: पिंजऱ्याला बुजलेल्या तीन कुत्र्या कशा पकडायच्या?

नसबंदीसाठी वस्तीतल्या चौदापैकी अकरा कुत्र्या झाल्या, तीन उरल्यात. पकडायची जाळी एकदा चुकली की संपलंच. आता गाडीचा आवाज आला तरी पसार होतात. आतल्या पट्टीवर पाय पडल्यावर दार पडतं तो पिंजरा लावला, पण पुढचे पाय पट्टीच्या अलीकडे रोवून, मान लांबवून कोंबडीचे तुकडे ओढतात आणि मागे सरकतात. खाणं पट्टीच्या वीतभर पलीकडे सरकवलं, तळाच्या जाळीवर गोणपाट टाकलं, चार दिवस दार बांधून उघडं ठेवलं. तरीही नाही.

दोरीने दार पाडायचा पिंजरा कुणी वापरलाय का? दोरी किती लांब धरता? दार शेपटीवर पडू नये म्हणून काय करता?

दुसरं, भूल देण्याआधी पोट रिकामं हवं आणि आमिष तर खाण्याचंच. संध्याकाळी मूठभर आमिषावर पकडून, रात्रभर उपाशी ठेवून सकाळी शस्त्रक्रिया, हे बरोबर आहे ना?

सड ओघळलेले दिसले तर धरत नाही. पिल्लं उपाशी मरतात. गुंगीच्या गोळ्या कृपया सुचवू नका, अर्धवट गुंगीतलं कुत्रं थेट रस्त्यावर धावतं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे सोडणं त्याच जागी होईल. सातारा-कराड पट्ट्यात असा दोरीचा पिंजरा उसना मिळेल का?