सालामांका की अँटिग्वा? स्पॅनिश शिकताना यजमान कुटुंबात राहिलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. स्पॅनिशची ए२ पातळी (सहा पातळ्यांपैकी दुसरी) झाली आहे. व्याकरण जमतं, पण समोरचा भराभर बोलायला लागला की माझी पाटी कोरी! म्हणून अडीच महिने तिकडेच एखाद्या कुटुंबात राहून शिकायचा विचार आहे. स्पेनमधलं सालामांका की ग्वाटेमालातलं अँटिग्वा, इथे घोडं अडलंय. अँटिग्वात एका शिक्षकाकडे एकच विद्यार्थी ही पद्धत सर्रास आहे, खर्चही कमी. स्पेनला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, ९० दिवसांच्या मर्यादेत बसतंय, त्यामुळे ती काळजी नाही.

खरी धाकधूक घराची आहे. कुटुंब खरंच गप्पा मारतं, की ताट वाढून टीव्हीसमोर बसतं? काही घरांत एकाच वेळी तीन-चार विद्यार्थी ठेवतात म्हणे. मग जेवताना सगळे इंग्रजीतच बोलणार, आणि मी कशाला एवढ्या लांब जायचं? 'घरात दुसरा विद्यार्थी नको' असं शाळेला आधी सांगता येतं का? नाही पटलं तर मध्येच घर बदलून देतात का?

स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला होतं हे माहीत आहे, ते चालेल. पुढे देले या स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राची बी१ (ए२ च्या पुढची पातळी) परीक्षा द्यायची आहे, तेव्हा ती दिलेल्यांनी जरूर लिहा.