ऑस्टिओसाइटवर (हाडातल्या पेशींवर) द्रवाचा फ्लो देऊनही स्क्लेरोस्टिन (हाडाची वाढ रोखणारं त्यांचं प्रथिन) हलत नाही

अस्थिपेशी_२
एमएलओ-वाय४ पेशी (ऑस्टिओसाइटची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवता येणारा पेशीवंश), टाइप १ कोलॅजनचा लेप दिलेल्या काचपट्टीवर. समांतर पट्ट्यांचा फ्लो चेंबर: रुंदी २५ मिमी, उंची ०.२५ मिमी. मिनिटाला २० मिलि, २ तास. क्यूपीसीआरमध्ये (जनुकाची सक्रियता मोजणारी चाचणी) एसओएसटी (स्क्लेरोस्टिनचं जनुक) कंट्रोलमध्येसुद्धा (फ्लो न दिलेल्या पेशींत) ३५ सायकलनंतरच उगवतं, म्हणजे फारच कमी आहे. शिअर स्ट्रेस (वाहत्या द्रवाची पेशींवरची घासणारी ओढ) कमी पडतोय का? की फ्लो सोडून पेशी ताणून पाहाव्यात?

कॅनॅलिक्युली
स्ट्रेस पुरेसा आहे. सूत्र: ६ × श्यानता (द्रवाचा दाटपणा) × प्रवाहदर ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). मीडियमची (पेशींच्या पोषक द्रवाची) श्यानता ३७ अंशांना ०.८ मिलिपास्कल-सेकंद धरा, उत्तर १ पास्कलच्या आसपास येतं. वाइनबॉम, काउइन आणि झेंग यांनी १९९४ मध्ये हाडातल्या सूक्ष्म नलिकांसाठी ०.८ ते ३ पास्कल असा अंदाज मांडला होता, त्यात तुम्ही बसता.

अडचण सेल लाइनची आहे. एमएलओ-वाय४ स्क्लेरोस्टिन जेमतेमच बनवते, मग ते कमी झालेलं दिसणार कुठून? या पेशींत फ्लोला प्रतिसाद म्हणून वाढणारे रेणू मोजा: नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि कॉक्स-२. एसओएसटीच हवं असेल तर ऑसी४५४ किंवा आयडीजी-एसडब्ल्यू३ ही सेल लाइन घ्या. दोन्ही ३३ अंशांना वाढवायच्या आणि ३७ अंशांना परिपक्व होऊ द्यायच्या. आयडीजी-एसडब्ल्यू३ला त्यासाठी काही आठवडे लागतात, घाई केलीत तर पुन्हा हाच आलेख मिळेल.

गॅस्केट
उंचीचा वर्ग आहे हे विसरू नका. स्क्रू जास्त आवळून गॅस्केट (चेंबरची उंची ठरवणारा मधला थर) १० टक्के दबलं तर स्ट्रेस २३ टक्क्यांनी वाढतो. स्क्रू आलटूनपालटून, सारखे आवळा आणि चेंबर जोडल्यावर उंची मोजा.

मीडियम आधी इन्क्युबेटरमध्ये गरम होऊ द्या. थंड मीडियम नळीत तापलं की बुडबुडे सुटतात आणि एकच बुडबुडा पेशींचा पट्टा खरवडून नेतो. कंट्रोल पट्टीही तशाच चेंबरमध्ये, तितकाच वेळ, फ्लोविना ठेवा. नुसतं मीडियम बदललं तरी पेशी एटीपी (संकेत देणारा रेणू) सोडतात आणि कॅल्शियम उसळतं, म्हणून फ्लोआधी अर्धा तास विश्रांती हवीच.

कॅनॅलिक्युली
ताणण्याबद्दल: जोरदार हालचालीतही हाडाच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेन (ताणामुळे लांबीत होणारा बदल) ०.२ ते ०.३ टक्के इतकाच असतो. डिशमध्ये पेशींकडून प्रतिसाद मिळवायला बरेचदा १ टक्का किंवा जास्त लागतो, आणि तेवढ्याला खरं हाड तडकायच्या बेतात येतं. जिवंत हाडात ही दरी द्रव भरून काढतो. हाड वाकलं की द्रव नलिकांमधून ढकलला जातो आणि पेशींच्या शाखांना भिंतीशी बांधणाऱ्या तंतूंना ओढतो. म्हणून फ्लोच ठेवा, पण एकसलग नको, स्पंदनशील किंवा मागेपुढे होणारा द्या. टर्कीच्या अल्नावर (पंखातल्या एका हाडावर) लॅनयन आणि रुबिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की स्थिर भाराने हाड वाढत नाही, बदलत्या भाराने वाढतं.

अस्थिपेशी_२
ऑसी४५४ मागवतो. पॉझिटिव्ह कंट्रोल (नक्की प्रतिसाद दिसायलाच हवा अशी पट्टी) काय ठेवू?

गॅस्केट
योडा१. हे रसायन पिएझो१ चॅनल (पेशीच्या आवरणातलं, दाब-ताण जाणवणारं दार) फ्लोविना उघडतं. डीएमएसओत (एक द्रावक) विरघळवा, मीडियममध्ये घालताना साका बसत नाही ना ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि फक्त डीएमएसओ घातलेली एक पट्टी वेगळी ठेवा. योडा१ देऊनही कॅल्शियम हललं नाही तर आधी पेशी तपासा, पंप नंतर.