मदत हवी आहे: पेप्टाइडच्या तंतूंचा सिग्नल दुप्पट फ्रिक्वेन्सीवरच का येतोय?

वैदर्भी_प्रयोग: तीन आठवडे झाले, इथेच अडकून पडले आहे. पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) तंतू आयटीओ काचेवर (पारदर्शक, वीजवाहक थराच्या) छान वाढतात, आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये चमकतातही. पण 1 किलोहर्ट्झ व्होल्टेज देऊन आरपार जाणारा प्रकाश मोजला की लॉक-इनवर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर) 1 ला शून्य, 2 किलोहर्ट्झला मात्र स्वच्छ सिग्नल. सोमवारी गाइडना पॉकेल्सचा (व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात प्रकाशावर होणाऱ्या परिणामाचा) ग्राफ दाखवायचा आहे. लिंका नकोत, वाचून झाल्यात. काय चुकतंय ते सांगा.

इतवारीकर: ताई, पेप्टाइड कोणतं, कशात विरघळवलं, इलेक्ट्रोड समोरासमोर की शेजारी? हे न सांगता कसं सांगणार बाप्पा?

वैदर्भी_प्रयोग: डायफिनाइलअ‍ॅलनिन. एचएफआयपी या द्रावकात 100 मिग्रॅ प्रति मिली, मग पाणी घालून 2 वर. इलेक्ट्रोड एकाच काचेवर, मधे 50 मायक्रॉनची फट.

प्रकाशवेडा: दुप्पट म्हणजे केर परिणाम. तो व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, दिशा उलटली तरी सिग्नल तोच. नमुना तापला तरी दुप्पटच येतो, ते आधी तपासा. पॉकेल्सला सममिती-केंद्र नसलेली, म्हणजे मध्यबिंदूतून उलटवली की वेगळी होणारी रचना लागते. याचे तंतू म्हणजे षट्कोनी नळ्या, त्यांना ते नसतं, ध्रुवता (धन-ऋण टोकांची दिशा) नळीच्या लांबीत असते. पण अर्ध्या नळ्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे तोंड करून असतील तर बेरीज शून्य. आणि डीसी बायस (वरून स्थिर व्होल्टेज) देऊन 1 ला सिग्नल काढू नका, तोही केरचाच असेल.

हिरवी_बाटली: त्यापेक्षा याच पेप्टाइडचं एफमॉक गट जोडलेलं रूप घ्या. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाण्यात टाकलं की मिनिटांत जेल. औषध हळूहळू सोडायला उत्तम, मी त्यावरच काम करून राहिलो.

इतवारीकर: भाऊ, तिला प्रकाश मोजायचा आहे, औषध नाही. पाणी भरलेल्या जेलमध्ये डीसी दिलं तर इलेक्ट्रोडवर बुडबुडेच येतील.

हिरवी_बाटली: एसी, म्हणजे उलटसुलट व्होल्टेज, दिलं तर?

इतवारीकर: तरी क्षारांमुळे करंट वाहतो, जेल तापते. मी हे दोन वर्षं केलं आहे.

सदर_लॅब: मे महिन्यातलं नागपूर विसरू नका. एचएफआयपी 58 अंशाला उकळतं. आमच्या खोलीत दुपारी 40 च्या पुढे जातं, स्टॉकचं (मूळ घट्ट द्रावणाचं) झाकण नीट बसलं नाही की तो नकळत घट्ट होतो. रोज ताजा करा, आणि वाफ ओढून घेणाऱ्या हूडमध्येच, डोळ्यांना फार वाईट आहे ते. नायलॉनचं फिल्टर वापरलं असेल तर तेच विरघळून स्टॉकमध्ये उतरतं. आमच्या काचेवर पांढरा पापुद्रा आला होता, आठवडाभर पेप्टाइडलाच दोष दिला.

वैदर्भी_प्रयोग: फिल्टर टेफ्लॉनचं आहे. गरमीचा विषय सोडा, आमची खोली वातानुकूलित आहे.

प्रकाशवेडा: काच सुकवली कशी?

वैदर्भी_प्रयोग: ओव्हनमध्ये, 160 ला दोन तास. पाणी पूर्ण जावं म्हणून.

प्रकाशवेडा: तिथेच गेलं. साधारण 150 च्या आसपास पाण्याचा रेणू निघून जातो आणि पेप्टाइडची साखळी वर्तुळात बंद होते. रचना बदलून सममिती-केंद्र येतं, पॉकेल्सही जातो. नळी भिंगाखाली तशीच दिसते, म्हणून कळत नाही. थंड केल्यावरही ती मागे फिरत नाही.

सदर_लॅब: सिलिका जेल घालून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवा, पुरतं.

वैदर्भी_प्रयोग: हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं मी. नवी काच लावून राहिले.

वैदर्भी_प्रयोग: डेसिकेटरची काच आज लावली. अख्ख्या फटीवर प्रकाश टाकला तर 1 ला जवळपास काहीच नाही. मग लेन्सने एकाच जाड नळीवर एकवटला, आणि रीडिंग आलं! शेजारच्या नळीवर गेले तर तेवढंच रीडिंग, पण फेज बरोबर 180 अंशांनी उलटी. प्रकाशवेडा दादा, तुमची डावी-उजवी दोन्ही तोंडं दिसली. तंतू वाढत असतानाच क्षेत्र देऊन सगळी एका बाजूला वळवायची, तर पाण्यात बुडबुडे न येता ते कसं द्यायचं?

इतवारीकर: इलेक्ट्रोड काचेच्या बाहेर ठेवा, द्रवाला लागूच देऊ नका. किती व्होल्टपर्यंत सप्लाय आहे तुमच्याकडे?