राखून ठेवलेल्या तारखांचा क्रम
कलावंताचा अनेक शहरांचा दौरा आखताना एकाच शहरासाठी दोन-तीन तारखा सभागृहाकडे तात्पुरत्या राखून ठेवाव्यात, असा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र प्रत्येक तारखेवर आपला होल्ड (तात्पुरती राखणी) कितवा आहे, म्हणजे त्या तारखेच्या रांगेत आपला क्रमांक कोणता, हे सभागृहाकडून लेखी घेतले पाहिजे. दुसऱ्या होल्डवरच्या आयोजकाने तारीख पक्की करण्याची तयारी दाखवली, तर पहिल्या होल्डवाल्याला निर्णयासाठी बहुधा २४ ते ४८ तासच मिळतात, आणि तेवढ्यात पुढच्या-मागच्या शहरांचे उत्तर आले नसेल, तर दौऱ्याची सगळी साखळी विस्कटते. म्हणून ज्या मोठ्या कार्यक्रमांवर प्रवासाचा मार्ग ठरतो, ते आधी पक्के करावेत. नको असलेली तारीख मात्र त्याच दिवशी सोडावी (मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते), कारण आपल्या मागे दुसरा कलावंत तिच्याच प्रतीक्षेत थांबलेला असतो.