मदत हवी आहे: फुलपाखराच्या अळ्यांतून माश्या निघाल्या. नवीन जात असेल का? (तातडीचं)

पाऊसवेडी
डब्यात चार माश्या आहेत, त्यातल्या दोन मघापासून उताण्या पडल्यात, म्हणून घाईत लिहितेय. फुलपाखराच्या अळ्या वाढवत होते. कोष झाले, मग काळे पडले, त्यातून पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि आज सकाळी बघते तर माश्या. घरमाशी नाही. राखाडी रंग, पाठीवर काळे पट्टे आणि अंगभर राठ केस, पोटाच्या टोकाला तर दात घासायच्या ब्रशसारखे.

नुकतंच वाचलं होतं की कोस्टारिकात अळ्या पाळून त्यांतून निघालेल्या अशाच माशीला नवीन जात म्हणून नाव दिलंय. फोटो पाहिला, डिट्टो हीच. नाशिकमध्ये हे कोण तपासून देईल? आणि नाव द्यायला काय काय लागतं? खिडकीला जाळी लावा वगैरे कृपया सांगू नका.

मुक्काम पेठ रोड
फोटो कुठाय? अळी कुठली? कुठल्या झाडावरची?

पाऊसवेडी
फोटो चढत नाहीये, साइज मोठा म्हणतंय. झाड गंगापूर रोडच्या कडेचं. अळी नेहमीचीच हो, पट्ट्यापट्ट्यांची.

मुक्काम पेठ रोड
ताई, "नेहमीची" नावाची अळी नसते. आणि अळीतून अळी निघाली म्हणताय, त्यातली फुलपाखराची कुठली, माशीची कुठली? फुलपाखराच्या अळीला निदान इथे तरी सुरवंट म्हणू या, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत सगळ्यांचा गोंधळ होईल.

सोनचाफा
जाळी नाही सांगत, पण संध्याकाळी कापूर आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा. आमच्या इंदिरानगरात या दिवसांत माश्यांनी उच्छाद मांडलेला असतो, एका आठवड्यात फरक पडतो.

रेशीमवाला येवला
ही उझी माशी. डोळे झाकून सांगतो. तुतीचा प्लॉट आहे माझा, दोन बॅच हिने खाल्ल्यात. रेशीमकिड्याच्या अंगावर पांढरं अंडं घालते, चामडीवर काळा डाग पडतो, आत अळी वाढते आणि कोषाला भोक पाडून बाहेर येते. भोक पडलं की धागा तुटतो, कोषाला भाव शून्य. नवीनबिवीन काही नाही, माश्या मारून टाका आणि डबा उकळत्या पाण्यात घाला.

द्राक्षबाग दिंडोरी
माझी ऑक्टोबर छाटणी आठ दिवसांवर आली आहे. ही माशी द्राक्षावर येते का? आल्यास कोणता स्प्रे?

चिमटा आणि भिंग
येवलेकर दादा, उझी असू शकते, पण डोळे झाकून नका सांगू. उझी म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, ती टॅकिनिडी नावाच्या माशीकुळातली एक जात. या कुळात जगभरात साडेआठ हजारांहून जास्त जातींना नावं मिळालीत आणि बहुतेकींचं अंग असंच राठ केसांचं. "केसाळ राखाडी माशी" म्हणजे "पांढरा शर्ट घातलेला माणूस" म्हटल्यासारखं आहे.

दिंडोरीकर, ही माशी द्राक्ष खात नाही, पानं खाणारी अळी खाते. तंबाखूवरची ती लष्करी अळी असते ना, स्पोडोप्टेरा, तिच्यात पेरिबिया ऑर्बाटा नावाची टॅकिनिड वाढते. म्हणजे ही तुमच्या बाजूची आहे.

पाऊसवेडी, त्या दोन मेलेल्या माश्या आत्ता कशात ठेवल्यात?

पाऊसवेडी
सॅनिटायझरमध्ये. अल्कोहोलच असतं ना ते?

चिमटा आणि भिंग
जेलवालं?

पाऊसवेडी
हो. का?

चिमटा आणि भिंग
जेलमध्ये केस चिकटून लगदा होतो, आणि या माश्या ओळखायच्या त्या कुठला केस कुठे उगवलाय यावरूनच. असो, झालं ते झालं. जिवंत दोघींना लगेच मारू नका. कापसाचा बोळा साखरपाण्यात बुडवून आत ठेवा आणि दिवसभर राहू द्या. नुकती निघालेली माशी मऊ असते, मारली की सुकून चुरगळते. अंग कडक झालं की डबीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. एक सुईवर वाळवायची, एक ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवायची, म्हणजे डीएनए टिकतो. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मागा, औषधाच्या दुकानात नाही मिळणार.

मुक्काम पेठ रोड
देशाच्या वाइन राजधानीत अल्कोहोल मिळेना! धाग्याला शीर्षक मिळालं.

भिंगुरटी
यात नवीन काय आहे? आपल्या संतांनी भृंगी-कीटकाचा दृष्टान्त कधीच दिलाय. भिंगुरटी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते आणि अळी तिचा ध्यास घेऊन भिंगुरटीच होते. आज परदेशातून छापून आलं की आपल्याला शोध वाटतो.

चिमटा आणि भिंग
दृष्टान्त भक्तीसाठी फार सुंदर आहे, त्याला हात लावत नाही. पण घरट्यात अळीची भिंगुरटी होत नाही. कुंभारीण माशी, म्हणजे तुमची भिंगुरटीच, अळीला नांगी मारून लुळी करते, घरट्यात कोंबते आणि अंडं घालते. आतलं पिल्लू त्या अळीला खाऊन मोठं होतं. शिवाय ती गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, चार पंखांची. पाऊसवेडींची माशी दोन पंखांची. विषय वेगळा.

भिंगुरटी
सगळं विज्ञानाच्या फूटपट्टीने मोजायचं असेल तर चालू द्या.

सिडकोचा सदू
पाऊसवेडी ताई, माझा भाचा अमेरिकेत पीएचडी करतोय. पाकिटात घालून पाठवून द्या, तिकडे मशीनमध्ये घातलं की दोन दिवसांत रिझल्ट. इथे सरकारी ऑफिसच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?

चिमटा आणि भिंग
सदूभाऊ, असं काही करू नका. जैवविविधता कायदा आहे, २००२ चा. नमुना परवानगीशिवाय पाकिटात घालून परदेशी धाडायचा नसतो. जवळचं ठिकाण म्हणजे झूऑलॉजिकल सर्व्हेचं (सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्था) पश्चिम विभागीय केंद्र, पुण्यात आकुर्डीला. पुण्याच्या एसटीने नाशिक फाट्याला उतरलं की तिथून लांब नाही. आधी ईमेल करा, फोटो पाठवा, मग जा. दुसरं बंगळुरूचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो.

आता नवीन जातीबद्दल. मध्य अमेरिकेतली माशी गंगापूर रोडला सापडणं अवघड आहे, फोटोत डिट्टो दिसली तरी. नवीन ठरवायला आधी इथल्या माहीत असलेल्या जातींशी ताडून बघावी लागते. नराचं जननांग उकलून बघतात, जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात, मग वर्णन छापून एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून संग्रहालयात ठेवतात. स्वतःचं नाव स्वतःच देणं शिष्टाचारात बसत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कोस्टारिकाची बातमी वाचलीत तर त्यामागचं कामही बघा. ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स हे जीवशास्त्रज्ञ जोडपं १९७८ पासून सुरवंट पाळताहेत. तिथे प्रत्येक सुरवंटाची नोंद वेगळी: आपला नंबर, झाड, तारीख, आणि शेवटी त्यातून काय निघालं ते. "कुठल्याही सुरवंटावर वाढणाऱ्या" समजल्या जाणाऱ्या १६ टॅकिनिड जातींचा डीएनए वाचला तेव्हा कळलं की त्यातल्या कित्येक म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठरावीक सुरवंटांवरच वाढतात. हे उमगलं ते वहीत सुरवंटाचं नाव होतं म्हणून. म्हणून तिसऱ्यांदा विचारतो, सुरवंट कुठला? किती होते? एकाच डब्यात होते का?

पाऊसवेडी
अकरा होते. सात रुईवरचे, चार कण्हेरीवरचे. हो, एकाच डब्यात, श्रीखंडाच्या. दोन्ही सारखेच दिसत होते हो! तीन फुलपाखरं निघाली ती सोडून दिली, ती नेमकी कुठली ते बघितलं नाही, ऑफिसची घाई होती. काळे कोष मंगळवारी घंटागाडीत गेले.

मुक्काम पेठ रोड
🤦 अहो हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!

रेशीमवाला येवला
म्हणजे आता कोणालाच काही सांगता येणार नाही. उझीच धरा. आणि चिमटेसाहेब, तुम्ही माश्यांची बाजू घेताय, आम्हाला बॅच गेल्यावर कर्जाचा हप्ता चुकत नाही. शेडला नायलॉनची जाळी लावून आणि नेसोलिंक्स सोडून सोडून दमलो. हे नेसोलिंक्स म्हणजे उझीच्या कोषावर वाढणारी बारीक गांधीलमाशी, तिचीही पाकिटं वेळेवर मिळत नाहीत.

चिमटा आणि भिंग
दादा, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. (आणि परजीवीवरचा परजीवी पाळणारा माणूस या धाग्यावर आहे याचा आनंद झाला.)

पाऊसवेडी, डबा धुतलात का? धुतला नसेल तर झाकण उलटं करून बघा.

पाऊसवेडी
नाही धुतला. झाकणाला एक काळं टरफल अजून लटकतंय. त्याला तीन-चार पांढरे दोरे लोंबतायत, वाळलेल्या डिंकासारखे. मला कोळ्याचं जाळं वाटलं होतं.

चिमटा आणि भिंग
जाळं नाही! माशीच्या अळ्या कोष फोडून निघतात तेव्हा अशा चिकट दोऱ्यांवरून खाली उतरतात. नंतर मातीत शिरून गव्हाच्या दाण्याएवढ्या तांबूस कुप्या होतात, त्यातून माशी निघते. आता टरफलाच्या देठाशी सुरवंटाची शेवटची कात अडकलीय का बघा, चुरगळलेली काळी चिंधी असेल. सुईने हळूच उलगडा, फाडू नका. काळी शिंगं मोजा. प्लेन टायगर फुलपाखराच्या सुरवंटाला तीन जोड्या, तो रुईवरचा. कॉमन क्रो फुलपाखराच्या सुरवंटाला चार, तो कण्हेरीवरचा.

सोनचाफा
कण्हेर विषारी असते बरं का. घरात लहान मुलं असतील तर तोडून टाका.

पाऊसवेडी
मुलाच्या दुर्बिणीतून उलटं बघितलं, भिंगासारखं दिसतं. चार जोड्या. तीनदा मोजल्या, एक शिंग तुटलंय पण बुंधा दिसतो.

चिमटा आणि भिंग
म्हणजे त्या एका कोषापुरतं तरी कॉमन क्रो नक्की. बाकीच्यांचं सांगता येणार नाही, आणि लेबलवर तसंच लिहा, अंदाज लिहू नका. डब्याच्या तळाला काय आहे?

पाऊसवेडी
टिश्यू पेपर घातला होता, त्याखाली सहा कुप्या. चारांची टोपी उडालीय. एक चपटी आहे. एक मात्र अख्खी, जड वाटतेय.

चिमटा आणि भिंग
ती दाबून बघू नका! वेगळ्या बाटलीत, किंचित दमट कापसावर ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. टरफल, कात आणि रिकाम्या कुप्याही टाकू नका, प्रत्येकाची डबी वेगळी. कागदावर पेन्सिलीने लिहा, शाईचं पेन अल्कोहोलमध्ये फिसकटतं: तारीख, गंगापूर रोडवर नेमकं कुठे, कण्हेर की रुई, एकत्र डबा होता हेही.

पाऊसवेडी
ठेवली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली मिळाली. आणि उद्या सकाळी त्याच कण्हेरीवर जाऊन येते, या वेळी प्रत्येक सुरवंटाला वेगळा डबा. श्रीखंड मात्र किती खायचं ते बघावं लागेल.

द्राक्षबाग दिंडोरी
चर्चा वाचली. म्हणजे स्प्रे मारायचा की नाही?