आईसाठी जिन्यावरची खुर्ची-लिफ्ट: वळणाच्या जिन्याला काय घ्यावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. साताऱ्यात आमचं दुमजली घर आहे. आई ७८ वर्षांची, पक्षाघातानंतर डावी बाजू अशक्त. तिची खोली आणि देवघर दोन्ही वर. खाली राहा म्हटलं की ऐकत नाही. रोज उजव्या हाताने कठडा घट्ट धरून एकेक पायरी चढते आणि नवव्या पायरीवर बसून दम खाते. बघवत नाही हो.

जिना ३२ इंच रुंद, १७ पायऱ्या, मध्ये वळणावर चौक (सपाट जागा). खुर्ची ज्यावरून सरकत वर जाते तो रूळ वळणाचा असला की मापाने बनवून घ्यावा लागतो, म्हणून फार महाग पडतो. दोन सरळ रूळ आणि दोन खुर्च्या लावून चौकात बदलायचं, असं कुणी केलंय का? पण आम्ही कामावर असताना तिथे तिला धरणार कोण, हीच धास्ती आहे.

खुर्ची बॅटरीवर चालते, पण पावसाळ्यात आमच्याकडे तासन्‌तास वीज नसते. तेव्हा प्रत्यक्षात किती फेऱ्या होतात? वर पोचल्यावर खुर्ची फिरवून उतरायचं असतं. ते एका हाताने जमतं का, की मोटरने फिरणारीच घ्यावी? आणि बिघडली तर पुण्याहून माणूस किती दिवसांत येतो? घरी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.